पुंजारामबाबाला आलेली हाक

१

धर्मेंद्रला आग देऊन पावसाळा सरला, थंडी पडली, आणि विमा कंपनीचं म्हणणं पडलं की तो मेळघाटात मीठ विकत फिरतो आहे.

पोळ्याच्या सुमारास सिपना नदीला पूर आला होता. धर्मेंद्रची मीठमसाल्याच्या फेरीची गाडी, जिला आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात ती, अलीकडच्या काठावर उभी होती. पुलावर पाणी किती आहे ते बघायला तो पायी पुढं गेला आणि गेलाच. काही दिवसांनी खूप खाली एका वळणावर प्रेत सापडलं. चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या बायकोनं, शालूनं, खिसा बघून ओळख दिली. उसवलेला खिसा तिनंच निळ्या सदऱ्याला हिरव्या दोऱ्यानं शिवला होता, कारण घरात निळा दोरा नव्हता. पोलिसांना शंका आली नाही, डॉक्टरांना आली नाही. शंका आली ती विम्याचा कागद हातात पडल्यावर.

शालूच्या फोनवरून वकीलबाई चारुशीला तिच्या घरी पोचल्या, तेव्हा कंपनीनं नेमलेला तपासनीस अनुप खुर्चीत ऐसपैस बसला होता. शालूचा मोबाइल त्याच्या बॅगेत आणि शालू स्वतः भिंतीला टेकून उभी. टीपॉयवर एक कागद होता. मी माझा दावा स्वखुशीनं मागे घेत आहे, असं त्यावर छापलेलं होतं. स्वखुशी तेवढी सही करून द्यायची बाकी होती.

चारुशीलाबाई पन्नाशीच्या. तीन पिढ्यांची वकिली घरात, अमरावतीच्या कोर्टात त्यांच्या तोंडाला लागायला लोक कचरत. त्यांच्या मते जगात भुतं दोनच प्रकारची, एक तारीख देणारं आणि एक फी बुडवणारं. तिसरं त्यांनी मानलं नव्हतं.

"म्याडम, हे म्हनतात सही देली नाई तं पोलिसात देतो," शालू म्हणाली. "गुन्हा नोंदला का माही शाळेतली नोकरी जाते. श्रावणीले घेऊन मी कुठं जाऊ?"

बाईंनी आधी हात पुढं करून मोबाइल मागितला. मग अनुपला शांतपणे समजावलं, जसं शेजारच्या पोराला समजावतात. कंपनीला तपास करायचा हक्क आहे आणि शालू खरी उत्तरं देईल, हवी ती कागदपत्रं देईल. पण तपासनीस म्हणजे पोलीस नव्हे. त्याला कुणाचा मोबाइल ठेवून घेता येत नाही, घर धुंडाळता येत नाही, धाक दाखवून सही घेता येत नाही. प्रश्न लेखी द्यायचे, जबाब वकिलासमोर घ्यायचा, त्याची नक्कल द्यायची. आणि फसवणूक झाली असं जो म्हणतो, ती सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर.

आत कुकरची शिट्टी झाली. लांब निघाली, मध्येच अडखळली आणि उचकी लागल्यासारखी दोनदा तुटून थांबली. शालू गॅस बंद करायला धावली. "श्रावणीचे पप्पा दुरुस्त करनार होते," ती परत येऊन उगाचच म्हणाली. "राहून गेलं."

अनुपनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि कागद घडी करून खिशात घातला. दारात तो थांबला.

"कायदा तुमचा मॅडम, मान्य. पण दर आठवड्याला तिकडं त्याचा आवाज येतो. नावं घेऊन हाका मारतो लोकांना. मी ऐकलाय, रेकॉर्डही केलाय. मेलेला माणूस बोलतो कसा, तेवढं कायद्याला विचारून सांगा."

२

चारुशीलाबाईंनी कायद्यालाच विचारलं. आरोप कशावरून करता ते लेखी कळवा, आणि ज्या पुराव्यावर करता तो दाखवा, असं पत्र त्यांनी कंपनीच्या अकोल्याच्या कार्यालयाला धाडलं. एक गोष्ट त्यांना स्पष्ट दिसत होती. पॉलिसी जुनी होती. तीन वर्षं उलटल्यावर फॉर्मात काय लिहिलं, कोणता आजार लपवला, यावरून कंपनीला खुसपट काढता येत नाही. दावा अडवायला एकच वाट उरते, ती म्हणजे माणूस मेलाच नाही.

अकोल्याला बोलावणं आलं. तिथले अधिकारी चंद्रभानसाहेब निवृत्तीला टेकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आडवेढे न घेता एका बाईच्या जबाबाची नक्कल दिली. टेंभुरपाणी गावच्या फुलवंतीचा जबाब. धर्मेंद्रला मी दिवाळीनंतर पाहिलं, त्याच्याशी बोलले, मी इथं आहे हे कुणाला सांगू नको असं तो म्हणाला, असं त्यात होतं. खाली अंगठा.

"आणि हा आवाज," म्हणत अनुपनं मोबाइल टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंग दिवाळीनंतरचं होतं, तारीख पडद्यावर दिसत होती.

आधी इंजिनची घरघर, कुठंतरी कोंबडा. मग भोंग्यातून एक मोकळा, हसरा पुरुषी आवाज आला.

"चला चला, टेंभुरपाणीवाले. मीठ आलं, मसाला आला. फुलवंतीबाई, पाटल्या पाहून घ्या. पुंजारामबाबा, तमाखू आनली, कडक आनली, या लवकर..."

शालू ताडकन उठली. बंद करा, एवढं कसंबसं म्हणून ती बाहेर निघून गेली. अनुपनं बाईंकडे असं पाहिलं की बोलायची गरज उरली नाही. चोराच्या मनात चांदणं, असं त्याच्या भुवया म्हणत होत्या.

आवाज चालूच होता. हाकांच्या मागून एक बारीक, लांबट शीळ आली, थरथरली आणि तुटली. ती कसली, चंद्रभानसाहेबांनी विचारलं.

"कळलं नाही साहेब. गावचे लोक म्हणतात, ती वाजली की जंगलातले मोर गप्प होतात."

चारुशीलाबाईंच्या अंगावर काटा आला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. ही शीळ आपण कुठंतरी ऐकली आहे असं वाटत होतं, पण कुठं ते काही केल्या आठवेना.

परतीच्या वाटेवर, मूर्तिजापूर मागं पडल्यावर, त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. अशिलाला विचारू नये तो प्रश्न विचारला. तो जिवंत आहे का?

"मीच आग देली म्याडम," शालू म्हणाली. "पन आवाज त्याहीचाच हाय. म्हनूनच मले नाई ऐकवत. थे गेल्यावर गाडीतला भोंगा लागला अन् मी बेशुद्ध पडली होती. सुगतले म्हनलं, थ्या भोंग्यात भरलेल्या हाका पुसून टाक. त्यानं पुसलं. माह्या समोर हात जोडून सांगतलं."

सुगत हा धर्मेंद्रचा धाकटा भाऊ. लहानपणापासून तोतरा, एक शब्द निघायला घाम फुटायचा, म्हणून बहुतेक खुणांवरच भागवायचा. भावाची गाडी त्यानं धारणीत कुणाला तरी भाड्यानं दिली आणि तो स्वतः तिकडंच कुणाच्या तरी गाडीवर लागला, एवढंच शालूला माहीत होतं.

बाईंनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. बायको खोटं बोलत असेल तर नवरा जिवंत, आणि खरं बोलत असेल तर मग जंगलात हाका मारणारा कोण?

३

टेंभुरपाणीला जायला धारणीहून जीप, आणि जीप सोडते तिथून पुढं कच्च्या रस्त्यानं चालत. चारुशीलाबाई पोचल्या तेव्हा सकाळ असूनही धुकं सागाच्या शेंड्यांवरून खाली उतरलं नव्हतं. घरं जवळ गेल्यावरच दिसत.

फुलवंती ओट्यावर मोहाची पानं जुळवत बसली होती. धर्मेंद्रचं नाव काढताच तिनं आवाज खाली आणला.

"साहेबनं विचारलं, येते का? म्या म्हनलं, येते. त्यानं लिवलं, अंगठा घेतला."

"तू त्याला पाहिलंस?"

"पाह्यलं नं. थोच हाय. डोये थेच. तोंडाले शेला बांधून येते."

"काय बोलला तुझ्याशी?"

फुलवंतीनं बाईंकडे नवलानं पाहिलं. "थो कसा बोलंन? भोंगा बोलते. थो निस्ता बसून राहते. बोट दाखवलं का वस्तू देते. पान्यातून आलेला मानूस बोलत नसते बाई."

चारुशीलाबाईंनी जबाबाची नक्कल पुन्हा वाचली. मी इथं आहे हे कुणाला सांगू नको. जो तोंड उघडत नाही, त्यानं हे सांगितलं म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ऐकलं होतं. इथं तर जीभही दुसऱ्याचीच उचलली होती.

मग फुलवंतीनं पलीकडच्या घराकडे हात केला. दार अर्धं उघडं, आणि उंबऱ्याबाहेर तंबाखूची एक पितळी डबी, झाकण काढून ठेवलेली. ते पुंजारामबाबाचं घर. बाबा दिवाळीच्या आधी गेला. कशानं, तर म्हातारा होता, खोकत होता. पण गाव तसं मानत नव्हतं. नदीतून आलेला माणूस नाव घेऊन बोलावत होता, आणि बाबानं पहिल्याच हाकेला ओ दिली. त्या आठवड्यातच तो गेला. तेव्हापासून पहिल्या हाकेला गावात कुणी ओ देत नाही. सगळे दाराआड उभे राहतात आणि गाडी थांबली की मग गुपचूप बाहेर येतात.

"तरी त्याच्याकडून घेता?"

"मीठ तं लागतेच नं," फुलवंती म्हणाली.

बाबाच्या बायकोनं, घरातल्या म्हातारीनं, डबी का ठेवली, ते बाईंनी विचारलं. ज्याला घेऊन गेला त्याचा तंबाखू तरी त्याला पोचव, म्हणून ठेवते, असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात गावात काहीतरी बदललं. कुठं दार लागलं, कुठं लेकराला आत ओढलं. धुक्यातून इंजिनची घरघर चढू लागली, आणि तिच्यावरून तो मोकळा, हसरा आवाज तरंगत आला. चला चला, टेंभुरपाणीवाले. मीठ आलं, मसाला आला. फुलवंतीबाई, पाटल्या पाहून घ्या.

फुलवंती आत सरकली. चारुशीलाबाई एकट्या वाटेवर उरल्या.

"पुंजारामबाबा, तमाखू आनली, कडक आनली, या लवकर..."

समोरच्या घरात म्हातारीचं रडणं सुरू झालं.

४

खोटं कशाला सांगा, चारुशीलाबाई घाबरल्या. मेलेला माणूस मेलेल्या माणसाला हाक मारतो आहे आणि आपण मध्ये उभ्या आहोत, एवढंच त्या क्षणी त्यांना कळत होतं. तीन पिढ्यांची वकिली त्या वेळी कामाला आली नाही.

धुक्यातून गाडीचं तोंड बाहेर आलं. आत शेला गुंडाळलेला एक माणूस, फक्त डोळे उघडे. शालूच्या घरी फोटोत होते तेच डोळे. गाडी थांबली. भोंगा हाका मारत राहिला आणि माणूस गप्प. ओठ हलत असतील तर शेल्याआड, पण बाईंना खात्री वाटली की हलत नाहीत.

आणि मग ती शीळ आली. लांब निघाली, मध्येच अडखळली आणि उचकी लागल्यासारखी दोनदा तुटून थांबली.

बाईंची भीती वितळत गेली आणि तिच्या जागी असं काही आलं की हसावं की रडावं ते कळेना. मोर गप्प करणारी ती शीळ त्यांनी भर दुपारी, अमरावतीत, डाळीच्या वासासकट ऐकली होती.

त्या गाडीजवळ गेल्या. "सुगत," त्या म्हणाल्या, "वहिनीच्या कुकरची शिट्टी अजून तशीच आहे रे."

माणसानं हात वर नेला. भोंगा बंद झाला. मग शेला सोडता सोडता त्याचे खांदे हलू लागले, आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला.

५

अकोल्याच्या कार्यालयात या वेळी खुर्च्या कमी पडल्या. चंद्रभानसाहेब, अनुप, शालू, सुगत आणि चारुशीलाबाई. मधोमध गाडीतला पेनड्राइव्ह.

बाईंनी शालूला आधी बाहेर विचारलं होतं. आवाज कधीचा आणि कुठला हे सांगू शकणारी तूच एक आहेस. नाही ऐकलास तरी मी भांडेन, पण ऐकलास तर आजच्या आज निकाल लागेल. नवरा मेला हे पटवायला त्याला बोलताना ऐकायचं, असली ही कंपनीची रीत. शालूनं पदराचं टोक पिळलं आणि ती आत आली.

पेनड्राइव्ह लावला. धर्मेंद्र बोलू लागला. शालूनं डोळे मिटले, सुगतनं मान खाली घातली. शिट्टी आली तशी शालू बोलली.

"माहा कुकर. मागच्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात बसून बोलले थे मोबाइलमधी. दर गावाची हाक येगळी करत. म्हनत, नाव घेतलं का मानूस बाहीर येते. मी म्हनलं, थांबा, शिट्टी होऊ द्या. थांबले नाई."

चारुशीलाबाईंनी मग सगळं सरळ मांडलं. अनुपचं रेकॉर्डिंग आणि हे, दोन्ही एकच. तीच नावं, तोच क्रम, तीच शिट्टी त्याच जागी. जंगलात कुकर कुणी लावत नाही. आता कुणी म्हणेल, आवाज जुना असला म्हणून माणूस मेला असं थोडंच ठरतं? बरोबर. पण अनुपचं रेकॉर्डिंग दिवाळीनंतरचं आहे, आणि त्यात पुंजारामला हाक आहे. पुंजाराम दिवाळीआधी गेला.

"धर्मेंद्र जिवंत असता आणि दर आठवड्याला त्या गावात जात असता, तर मेलेल्या माणसाच्या दारात त्याच्या नावानं तंबाखू ओरडला असता का? फेरीवाल्याच्या हातून सतरा चुका होतील, ही होणार नाही. हाक बदलणारा राहिला नाही, म्हणून हाक बदलली नाही. तुमचा पुरावा तो मेला हेच सांगतोय, साहेब. तुम्ही फक्त तो नीट ऐकला नाही."

आणि गाडीत दिसला तो सुगत. भावाचे डोळे, भावाचा शेला. त्यानं शालूसमोर हात जोडून सांगितलं होतं की आवाज पुसला, आणि पुसला नव्हता. का, ते त्यालाच सांगायला लावलं. एकेक शब्द ओढून काढायला त्याला वेळ लागला.

"मा... माहा आवाज निघत नाई. भाऊचा निघते. पुसाले बोट लावलं... बोट दाबलं नाई गेलं." मग तो म्हणाला, "बाबा मेला थे म-माहीत होतं. पन त्याची हाक काढाले गेलो तं अख्ख्या गावाची जाते."

शालू त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असेल असं बाईंना वाटलं, पण ती उठली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

उरला फुलवंतीचा जबाब. तो चारुशीलाबाईंनी शेवटाला राखून ठेवला होता. जबाबात धर्मेंद्र म्हणतो, कुणाला सांगू नको. गाडीवर बसलेला माणूस तर एक वाक्य धड बोलू शकत नाही, आणि फुलवंती सांगते की तो बोललाच नाही. मग हे वाक्य बोललं कोण? फसवणूक इथं झाली आहे हे कंपनीचं म्हणणं मला मान्य आहे, बाई म्हणाल्या. फक्त ती कुणी केली एवढाच वाद आहे.

अनुपनं सांगून पाहिलं की गाव तसंच म्हणत होतं, त्यानं फक्त नीट शब्दांत लिहिलं. चंद्रभानसाहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग ते शालूला म्हणाले की चूक झाली, दावा मंजूर होईल, काळजी करू नका.

"तोंडी नको," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आरोप मागं घेतला असं लेखी द्या. नाही तर विमा लोकपालांचं दार उघडं आहे, ग्राहक आयोगाचंही. आणि त्या तपासनिसाची चौकशी करणार हेही त्याच पत्रात येऊ द्या."

पत्र हातात पडेपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

सगळे अमरावतीला पोचले तेव्हा दिवस कलला होता. सुगत मागून गाडी घेऊन आला होता, तो गल्लीच्या तोंडाशी थांबला. शालूनं त्याला सांगितलं की टेंभुरपाणीला जाशील तेव्हा आधी म्हातारीच्या घरी जा, शेला काढ, तोंड दाखव, हात जोड. आवाज कुणाचा ते गावाला समजू दे. सुगतनं मान हलवली. मग पेनड्राइव्ह काढून तिच्यापुढं धरला, आता तूच काय ते कर, अशा अर्थानं.

शालूनं तो घेतला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "पुंजारामबाबाची हाक बी राहू दे. हाक मारनारा तिकडंच गेला अन् ऐकनारा बी तिकडंच." आणि मग, चारुशीलाबाई जवळ आहेत हे विसरून, तिनं हळूच विचारलं, "सुगत, आपल्या गल्लीची हाय का रे त्यात एखादी?"

सुगतला सगळ्या हाका पाठ होत्या. तरी त्यानं आठवून पाहिल्यासारखं केलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नसंनच," शालू म्हणाली. "घरी थे सोताच हाक मारत."

चारुशीलाबाईंनी तोंड फिरवलं. सुगतनं गाडी वळवली आणि ती निघून गेली. भोंगा बंद होता.